दंडाच्या पैशांतले विजयाचे देऊळ

दसऱ्याचे सोने वाटून झाले की आमच्या सीमाभागात भाषणांचा हंगाम सुरू होतो आणि तो १ नोव्हेंबरपर्यंत पुरतो. भाषण म्हटले की इतिहासाचा दाखला आलाच. पानिपत, राक्षसतागडी, साल्हेर हे दाखले आपल्या ओळखीचे. पण गेल्या काही वर्षांत एक परदेशी दाखलाही या पंगतीत येऊन बसला आहे, आणि निरनिराळ्या वक्त्यांच्या तोंडून मी तो निदान तीन वेळा ऐकला आहे. दाखला असा: रोमन लोकांची व्हिक्टोरिया नावाची विजयदेवता होती. तिची वेदी त्यांच्या सभागृहात होती. इ. स. ३८२ मध्ये सम्राटाने ती वेदी हलवली आणि पुढच्या अठ्ठावीस वर्षांत रोम लुटले गेले. तेव्हा बंधूंनो, विजयाची देवता सोडाल तर तुमचेही रोम होईल! यावर टाळ्या पडतात. पहिल्या वेळी मीही वाजवल्या, हे आधीच कबूल करतो.

टाळ्या वाजवून घरी आलो आणि मग वाचायला बसलो. वाचून झाल्यावर जे वाटले ते सांगण्यासाठी हा लेख आहे. मला दोन गोष्टी म्हणायच्या आहेत. पहिली, हा दाखला इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. दुसरी, त्या देवतेचा जो खरा इतिहास आहे तो आपल्या फार उपयोगाचा आहे. पण तो व्यासपीठावरून सांगितला तर टाळ्या पडण्याची शक्यता कमी, म्हणून तो कुणी सांगत नाही.

सुरुवात सभागृहातल्या वेदीपासून न करता देवळापासून करू. कारण वेदी पुष्कळ नंतरची. देवीचे जुने घर पॅलाटाइन टेकडीवर होते. रोम्युलसची झोपडी म्हणून रोमन लोक जी दाखवीत, ती याच टेकडीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात. तिथे वर चढणाऱ्या रस्त्याला देवीच्याच नावाने ओळखले जाई; आपण त्याला ‘विजयाची चढण’ म्हणू. आज तिथे देवळाच्या जोत्याचे दगड तेवढे उरले आहेत. रोमन लोकांत एक कथा होती की रोम्युलसच्याही आधी एव्हँडर नावाच्या ग्रीक राजाने या टेकडीवर विजयदेवीचे ठाणे मांडले होते. देऊळ कितीही अलीकडचे असो, त्याला पुराण जुने लागते. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पुराण बाजूला ठेवले तर इतिहास स्वच्छ आहे. इ. स. पू. २९४ साली, १ ऑगस्टच्या दिवशी, लुशियस पोस्टुमियस मेगेल्लस या कॉन्सलने हे देऊळ देवीला अर्पण केले. मध्य इटलीतल्या डोंगराळ मुलखातील सॅम्नाइट लोकांशी रोमचे तिसरे युद्ध तेव्हा चालू होते. देवळाला पैसा कुठून आला? लिव्ही हा रोमचा इतिहासकार ते एका वाक्यात सांगतो. मेगेल्लस पूर्वी एडील होता. एडील म्हणजे बाजार, रस्ते, जत्रा-खेळ यांची व्यवस्था पाहणारा आणि दंड करण्याचा अधिकार असलेला अंमलदार. त्या काळचे एडील बेसुमार व्याज उकळणाऱ्या सावकारांना, कायद्याहून जास्त जमीन बळकावणाऱ्यांना आणि सरकारी कुरणात वाटेल तेवढी गुरे घालणाऱ्यांना दंड करीत. अशा जमवलेल्या दंडाच्या रकमेतून मेगेल्लसने विजयाचे देऊळ बांधायला काढले.

यात वावगे काहीच नाही. दंडाचा पैसा अंमलदाराच्या घरी न जाता देवळात गेला, हे आजच्या हिशेबाने पुण्यकर्मच म्हणायचे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. विजयाच्या देवळावर नाव एकाचे लागले आणि पैसे दुसऱ्यांचे गेले. पुढे आपल्याला या गोष्टीकडे परत यायचे आहे.

आता ज्याने देऊळ अर्पण केले त्याने त्या वर्षी कोणता विजय मिळवला ते पाहू. लिव्हीने दिलेली हकीकत अशी की मेगेल्लसने सॅम्नाइटांची काही गावे घेतली, मग सिनेटला न विचारता तो उत्तरेकडे एट्रुरियात घुसला आणि तिथेही जिंकला. परत येऊन त्याने विजययात्रेची परवानगी मागितली. सिनेटने ती नाकारली. लोकांचे जे दहा ट्रिब्यून असत, त्यांतले तीन त्याच्या बाजूने आणि सात विरुद्ध. तरीही तिघांच्या पाठिंब्यावर त्याने वाजतगाजत विजययात्रा काढलीच! आणि गंमत पुढेच आहे. ही हकीकत सांगून झाल्यावर लिव्ही स्वतःच लिहितो की या वर्षाची हकीकत इतिहासकारांत एकसारखी नाही. एका जुन्या लेखकाच्या मते मेगेल्लस सॅम्नाइटांची काही गावे घेऊन अपुलियात गेला, तिथे त्याचा पराभव झाला, तो जखमी झाला आणि थोड्या लोकांनिशी त्याला एका गावाच्या आश्रयाला जावे लागले; एट्रुरियात जिंकला तो त्याचा सहकारी.

म्हणजे काय झाले, वाचकहो? ज्या वर्षी रोममध्ये विजयाचे देऊळ उभे राहिले, त्या वर्षी ते उभे करणारा माणूस जिंकला की पळाला, हेच रोमच्या इतिहासकारांना नक्की सांगता आले नाही. देऊळ मात्र पक्के होते, विजययात्राही झालीच होती. पुढच्या पिढ्यांनी देऊळ पाहिले आणि विजय गृहीत धरला.

या गृहस्थाची पुढची गोष्टही सांगतो. इ. स. पू. २९१ मध्ये तो तिसऱ्यांदा कॉन्सल झाला. या वेळी त्याने सैन्यातली दोन हजार माणसे आपल्या खाजगी जमिनीवर झाडी तोडायला लावली. मुदत संपल्यावर लोकांसमोर खटला झाला आणि त्याला जबर दंड बसला. दंडाच्या पैशांतून विजयाचे देऊळ बांधणारा शेवटी स्वतः दंड भरून मोकळा झाला. सैनिक देशासाठी भरती होतात आणि पुढाऱ्याच्या शेतात राबतात, हा प्रकार तेवीसशे वर्षांपूर्वीही होता हे वाचून मला, खरे सांगतो, थोडे बरेच वाटले. फरक एवढाच की रोममध्ये त्याचा खटला झाला.

*

आता वक्त्यांच्या मूळ मुद्द्याकडे वळू. देवी जवळ असली की विजय मिळतो, हा तो मुद्दा. तो तपासायला दोन साले पुरेत.

इ. स. पू. २१६. हॅनिबल इटलीत होता. सिराक्यूजचा राजा हायरो रोमचा मित्र. त्याने शुभशकुन म्हणून दोनशे वीस रत्तल वजनाची सोन्याची विजयमूर्ती रोमला पाठवली. रोमने ती आनंदाने घेतली, कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटरच्या देवळात बसवली आणि तिने तिथेच स्थिर राहावे अशी प्रार्थना केली. आता रोममध्ये पॅलाटाइनवर एक विजय आणि कॅपिटोलवर दुसरा विजय, तोही सोन्याचा. त्याच उन्हाळ्यात कॅनीची लढाई झाली. रोमन पंचांगाप्रमाणे ती तारीख २ ऑगस्ट. म्हणजे पॅलाटाइनवरच्या देवळाचा वर्धापनदिन आटोपला त्याच्या दुसऱ्या दिवशी. लिव्हीच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस हजारांवर रोमन माणूस त्या एका दिवसात कापला गेला. पॉलिबियसचा आकडा सत्तर हजारांचा आहे.

दुसरे साल इ. स. ३७८. एड्रिआनोपल येथे गॉथ लोकांनी रोमन सैन्याचा धुव्वा उडवला आणि सम्राट व्हॅलेन्स रणातच पडला. तेव्हा सभागृहातली ती सुप्रसिद्ध वेदी कुठे होती? जागेवर होती! ती हलवली गेली चार वर्षांनी, ३८२ मध्ये. याच वेदीच्या देखत इ. स. ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात तीन पलटणी नष्ट झाल्या आणि २६० मध्ये सम्राट व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. वेदी गेली म्हणून पराभव झाला असे म्हणणाऱ्याने, वेदी असताना झालेल्या या पराभवांचा हिशेब आधी द्यावा.

कॅनीच्या पराभवानंतर रोमने दोन गोष्टी केल्या. पहिली लाजिरवाणी. भेदरलेल्या शहराने धर्मग्रंथांचा आधार काढून एक ग्रीक जोडपे आणि एक गॉल जोडपे गुरांच्या बाजारात जिवंत गाडले. पराभव झाला की शेजारच्या परक्याला गाडावेसे वाटते, ही वृत्ती फार जुनी आहे. दुसरी गोष्ट शहाणपणाची. सरकारी पैशाने आठ हजार गुलाम विकत घेऊन, त्यांची लढायची तयारी आहे का हे विचारून, त्यांच्या हाती शस्त्रे दिली. पुढे लढाई जिंकल्यावर त्यांना स्वतंत्र केले. युद्ध फिरले ते या दुसऱ्या जातीच्या शहाणपणामुळे. जमिनीत गाडलेल्या चार परक्यांनी हॅनिबलला एक पाऊलही मागे हटवले नाही.

*

आता पॅलाटाइनवरच्या त्या देवळाच्या आयुष्यातला, माझ्या मते, सर्वांत मोठा प्रसंग. तो कुठल्याही विजयाचा नाही.

हॅनिबल अजून इटलीतच होता. ग्रंथांत असे निघाले की आशिया मायनरमधली महामाता, सिबिली, रोमला आणली तर परका शत्रू देशाबाहेर जाईल. इ. स. पू. २०४ मध्ये ती आली. मूर्ती नव्हती, काळा दगड होता. आपल्याकडे ज्याला तांदळा म्हणतात तसा, नाक-डोळे नसलेला. तिचे स्वतःचे देऊळ अजून बांधायचे होते. मग हा परदेशी तांदळा ठेवायचा कुठे? रोमने त्याला विजयाच्या देवळात जागा दिली. इ. स. पू. १९१ मध्ये महामातेचे देऊळ शेजारीच तयार झाले, तोवर तेरा वर्षे ही पाहुणी विजयदेवीच्या घरात राहिली.

आणि पाहुणी कशी? तिचे पुजारी स्वतःचे पुरुषत्व कापून घेणारे, बायकांसारखी वस्त्रे नेसणारे, डफ आणि झांजा वाजवीत रस्त्याने जोगवा मागणारे. सौंदत्तीच्या डोंगरावर जाऊन आलेल्या वाचकाला हे वर्णन वाचून कुठे तरी पाहिल्यासारखे वाटेल. रोमच्या सभ्य गृहस्थांना हे पुजारी मुळीच पसंत नव्हते. आपल्या नागरिकांनी ते पुजारीपण घेऊ नये अशी बंदी त्यांनी घातली. पण बंदी घालूनही देवी ठेवली, तिचा उत्सव लावला आणि तिला आपल्या सर्वांत अभिमानाच्या देवळात उतरवले. अगदी अडचणीच्या काळात, शत्रू देशात असताना, विजयाच्या घराचा दरवाजा एका परक्या आईसाठी उघडला गेला. ‘शुद्ध रोमन परंपरा’ म्हणून जे काही व्यासपीठावरून सांगितले जाते, त्याच्या गाभाऱ्यातच हा फ्रिजियातला काळा दगड बसलेला आहे.

सौंदत्तीचे नाव निघालेच आहे तर सांगतो. यल्लम्माच्या डोंगरावर ‘उदं गं आई उदं’ म्हणणारे अर्धे लोक घरी मराठी बोलतात आणि अर्धे कन्नड. आईने अजून कुणाला मातृभाषेचा दाखला मागितल्याचे ऐकिवात नाही.

*

सभागृहातली ती मूर्ती तरी रोमची होती का? इथे मेगेल्लस पुन्हा आपल्या गोष्टीत येतो.

इ. स. पू. २८२ मध्ये रोमने दक्षिण इटलीतल्या तारेंतम या ग्रीक शहराकडे वकील पाठवला. त्याचे नाव लुशियस पोस्टुमियस, आणि बहुतेक अभ्यासक त्याला आपला देऊळवाला मेगेल्लसच मानतात. तो तिथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत, ग्रीकमध्ये, बोलू लागला. त्याचे ग्रीक कच्चे होते. शब्द चुकला की सभा हसायची. शेवटी एका टवाळाने त्याच्या वस्त्रावर घाण केली आणि सभा आणखीच हसली. वकील म्हणाला की आज हसून घ्या, हे वस्त्र पुष्कळ रक्ताने धुतले जाईल. पुढे पिऱ्हस राजाचे युद्ध झाले आणि इ. स. पू. २७२ मध्ये तारेंतम रोमच्या हाती पडले.

भाषेच्या चुकीवर हसलेल्या त्या हास्याची किंमत एका शहराने अशी मोजली. कचेरीच्या खिडकीशी उभे राहून, मोडक्या कन्नडमध्ये अर्ज समजावताना पलीकडून आलेले हसू ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना पोस्टुमियसच्या अंगाची आग समजेल. पण मला तारेंतमच्या बाजूनेही विचार करायला हवा. आमच्या घरी येणाऱ्या भाजीवाल्या अक्काच्या मराठीला कन्नडचा हेल आहे, आणि त्यावर आमच्या घरात नकला होत असत. लहानपणी मीही केल्या आहेत. ती बिचारी आमच्या सोयीसाठी आमची भाषा बोलत होती. तारेंतमच्या सभेत तिच्यापुढे आम्ही बसलो होतो.

तर याच तारेंतमहून आणलेली पंख असलेली विजयमूर्ती इ. स. पू. २९ मध्ये ऑक्टेव्हियनने नव्या सभागृहात बसवली आणि तिच्यापुढे वेदी उभारली. सभेत शिरताना सिनेटर तिथे धूप जाळीत आणि द्राक्षासव ओतीत. चारशे वर्षांत ती ‘वाडवडिलांची देवी’ झाली. मूळची ती हसणाऱ्या परक्या गावातून उचलून आणलेली होती, हे कुणाच्या ध्यानीमनी राहिले नाही.

*

आता शेवटचा वाद. ३५७ मध्ये सम्राट कॉन्स्टँशियसने वेदी काढली. पुढे जुन्या देवांचा भक्त सम्राट जुलियन गादीवर आला तेव्हा ती परत आली. ३८२ मध्ये ग्रेशियनने पुन्हा काढली आणि देवळांची, पुजाऱ्यांची सरकारी उत्पन्नेही बंद केली. ३८४ मध्ये रोमचा नगराधिकारी सिमॅकस याने तेरा-चौदा वर्षांच्या सम्राट व्हॅलेंटिनियनकडे अर्ज केला: वेदी परत द्या. या अर्जात त्याने जो मुद्दा मांडला तो फार थोर आहे. आपण सारे एकाच आकाशाखाली राहतो, आणि एवढ्या मोठ्या सत्याकडे जायला एकच वाट कशी पुरेल, असा त्याचा आशय. मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याला उत्तर दिले. तेही बिनतोड होते. हॅनिबल इतकी वर्षे याच देवांच्या देखत इटलीत कसा राहिला? गॉल लोक कॅपिटोलवर चढत होते तेव्हा तुमचा ज्युपिटर कुठे होता, हंसांच्या तोंडून बोलत होता काय? सम्राट मुलाला त्याने असेही बजावले की वेदी दिलीस तर चर्चमध्ये तुझे स्वागत करायला पुजारी भेटणार नाही. अर्ज फेटाळला गेला.

मी दोघांचेही म्हणणे पुन्हा पुन्हा वाचले. इतिहास अँब्रोजच्या बाजूने आहे आणि माणुसकी सिमॅकसच्या. पण दोघांत एक साम्य आहे, ते कुणी सांगत नाही. सिमॅकसचा पक्ष सत्तेवर होता तेव्हा त्याला अनेक वाटांची आठवण झाली नव्हती. याच सिनेटने इ. स. पू. १८६ मध्ये बॅकसच्या भक्तांना हजारोंनी पकडून त्यांची मंडळे मोडली होती. ख्रिस्ती लोकांना छळून ठार मारले जात होते तेव्हा वेदीवरचा धूप एक दिवसही थांबला नाही. आणि अँब्रोजचा पक्ष छळ सोसत होता तेव्हा त्याचे लेखक, श्रद्धा बळजबरीने होत नाही, असे लिहीत होते. सत्ता आल्यावर त्यांना ते आठवले नाही. हरणाऱ्याला सहिष्णुता सुचते आणि जिंकणारा ती विसरतो. विजयदेवीचा खरा प्रसाद हाच असेल तर तो कुणी का घ्यावा?

वेदी जाऊन रोम बुडाले, हा आरोप त्याच काळी झाला होता, तो आपल्या वक्त्यांचा शोध नव्हे. ४१० मध्ये अलारिकने रोम लुटले तेव्हा जुन्या पंथाचे लोक हेच म्हणाले, आणि ऑगस्टीनने त्याला उत्तर म्हणून ‘देवाची नगरी’ हा प्रचंड ग्रंथ लिहायला घेतला. ख्रिस्ताच्या आधी रोमवर कोसळलेल्या संकटांची यादीच त्याने त्यात दिली आहे. अलारिक स्वतः ख्रिस्ती होता, एके काळी रोमच्याच नोकरीत होता आणि आपल्या लोकांसाठी जमीन, धान्य, हुद्दा मागत होता. वाटाघाटी करायच्या की नाही यावर दरबारात घोळ चालला होता. शहर पडले ते अशा कारणांनी. ४०८ मध्ये अलारिकची खंडणी भरण्यासाठी रोमने देवांच्या सोन्याच्या मूर्ती वितळवल्या. त्यांत शौर्यदेवतेचीही मूर्ती होती.

*

आता आपल्याकडे येतो. या लेखाला मी ‘दंडाच्या पैशांतले देऊळ’ म्हटले त्याचे कारण इथे आहे.

सीमाभागात १ नोव्हेंबरला एकाच रस्त्यावर एक बाजू राज्योत्सव करते आणि दुसरी काळा दिवस पाळते. एकाचा विजय तोच दुसऱ्याचा शोक. १७ जानेवारीला आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो. ज्यांनी १९५६ साली प्राण दिले त्यांच्यापुढे माझी मान लवते आणि लवत राहील. त्यांनी स्वतःजवळचे सर्वस्व दिले. पण नंतरच्या विजययात्रांचे पैसे कोण भरते? बंद पुकारला की हातावर पोट असलेला रोजंदारीवाला भरतो. बसच्या पाटीला काळे फासले की चार तास रस्त्यात अडकलेली बाळंतीण भरते आणि मार खाणारा कंडक्टर भरतो. ही बस कधी महाराष्ट्राची असते, कधी कर्नाटकाची; दंड भरणारा माणूस तोच. व्यासपीठावर मात्र नाव मेगेल्लसचे.

मग आम्ही लढायचे नाही काय, असे कुणी विचारील. जरूर लढायचे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे ही सोय करण्यास राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम सांगते. ते मागणे म्हणजे भीक नव्हे. मराठीतून कागद मिळावेत, शाळेला शिक्षक मिळावेत, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेल्या दाव्याचा न्यायाने निकाल व्हावा, यातले एक अक्षरही मी सोडत नाही. माझे म्हणणे एवढेच की हक्क मागणे आणि विजय मागणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हक्काला एक कसोटी लावता येते: जो मी मागतो तो, माझी बाजू वर असताना, मी दुसऱ्याला देईन का? विजयाला ही कसोटी लावताच येत नाही, कारण तो दोघांना एकदम मिळत नाही.

ही कसोटी आपण स्वतःला लावून पाहू. सोलापूर, सांगली, कोल्हापूर जिल्ह्यांत कन्नड बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जतच्या पूर्वभागात कन्नड शाळा आहेत. बेळगावच्या मराठी शाळेसाठी आपण जे बोलतो, तेच शब्द त्या शाळांसाठी उच्चारायला आपली जीभ तयार आहे का? नसेल, तर आपण इथे सिमॅकस आहोत आणि तिथे अँब्रोज. ज्याला हे पटत नसेल त्याने आपले गेल्या वर्षीचे भाषण काढावे, त्यात ‘मराठी’च्या जागी ‘कन्नड’ आणि ‘कर्नाटक’च्या जागी ‘महाराष्ट्र’ लिहून मोठ्याने वाचावे. वाचताना जिथे आवाज अडखळेल तिथे आपला हक्क संपून विजयाची हाव सुरू झालेली असेल. हेच पलीकडच्या वक्त्यांनाही लागू आहे, पण त्यांना ते त्यांच्या दिवाळी अंकात त्यांच्यापैकी कुणी सांगितले तर जास्त शोभेल.

जाता जाता एक गोष्ट. ही व्हिक्टोरिया आपल्याला अगदीच अनोळखी नाही. इंग्लंडच्या राणीचे नाव म्हणजे त्याच देवीचे लॅटिन नाव. मुंबईच्या स्टेशनाला १८८७ पासून ते होते. १९९६ मध्ये तिथे छत्रपतींचे नाव आले, हे योग्यच झाले. त्या इमारतीच्या घुमटावर आजही जी स्त्री उभी आहे ती मात्र विजयदेवी नव्हे, ती ‘प्रगती’ची मूर्ती आहे. विजयदेवी आहे ती कलकत्त्याला, व्हिक्टोरिया मेमोरियलच्या घुमटावर, पंख पसरून. ती आसावर अशी बसवली आहे की जोराचा वारा सुटला म्हणजे गर्रकन फिरते. ज्यांनी ती तिथे बसवली त्यांचे राज्य गेले, तरी ती फिरतेच आहे.

पुढच्या दसऱ्याला कुणी पुन्हा रोमची वेदी काढली तर टाळी वाजवण्यापूर्वी एवढे विचारा: साहेब, त्या देवळाचे पैसे कुणी भरले होते? आणि त्यात तेरा वर्षे राहून गेलेली ती काळी पाहुणी कोण होती, तेही सांगा.